गावची बोअर, घरची विहीर आणि गाठींची दोरी

पंपदुरुस्तीच्या धंद्यात मला चोवीस वर्षं झाली. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात किनाऱ्याच्या बाजूला माझं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक व्हाइस आणि उघडून ठेवलेल्या मोटरींची रांग. मार्च लागला की रोज फोन येतो, "मोटर चालते पण पाणी येत नाही." गेली काही वर्षं त्याच्या जोडीला दुसराही येतो, "पाणी येतं, पण चहात दूध फाटतं, डाळ शिजत नाही." पहिल्या तक्रारीवर माझ्याकडे पाना आहे. दुसरीवर नाही. तिथे घरच्या माणसालाच थोडं काम करावं लागतं, आणि ते काम कसं करायचं तेच इथे सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. गोव्यातलं नळाचं पाणी बहुतांशी नदीचं असतं. आमच्याकडे चांदेलच्या प्रकल्पातून येतं, फोंडा-तिसवाडीला खांडेपार नदीवरच्या ओपाहून, दक्षिणेला साळावली धरणातून. त्यामुळे लोकांना वाटतं की सरकारी पाण्याचा आणि आपल्या विहिरीचा काही संबंध नाही. पण एप्रिलमध्ये पाइपलाइनच्या शेवटच्या वाड्यांना पाणी पुरेनासं झालं की गावातल्या सार्वजनिक विहिरी आणि बोअर चालू होतात, टँकर भरायला लागतात. ते पाणी तुमच्या विहिरीच्याच जमिनीतलं. पाच एचपीची मोटर तासाला वीस-पंचवीस हजार लिटर सहज ओढते. ती दिवसाला दहा तास चालली तर हिशोब तुम्हीच करा.

पहिलं काम: दोरी

तक्रार करण्याआधी दोरी करा. मी हे दरवेळी सांगतो आणि दहातले नऊजण करत नाहीत.

पंधरा मीटर बारीक नायलॉन दोरी घ्या. ती आधी भिजवा, कारण ओली झाली की ती थोडी ताणते, आणि मगच दर अर्ध्या मीटरला गाठ मारा. टोकाला स्टीलचा छोटा पेला पालथा बांधा. दोरी विहिरीत सोडली की पेला पाण्याला टेकताच 'डुब्ब' असा आवाज येतो. काळोखात, खोल विहिरीत, टॉर्च नसतानाही तो आवाज चुकत नाही. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि नेहमी त्याच खुणेपासून मोजा. शेवटच्या गाठीच्या पुढचे सेंटिमीटर शिवणाच्या टेपने.

वेळ सकाळी सहाची, स्वतःची मोटर सुरू करण्याआधी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आठवड्यातून एकदा पुरे, पुढे पाऊस लागेपर्यंत रोज. वहीत चार रकाने: तारीख, पाण्याची पातळी, आदल्या दिवशी तुमची मोटर किती वेळ चालली, आणि गावची मोटर किती वेळ चालली. चौथा रकाना भरण्यासाठी गावच्या पंप ऑपरेटरशी दोस्ती करावी लागते. तो बहुधा बिचारा एकटाच असतो, आणि त्याला कुणी पाण्याखेरीज दुसरं काही विचारलेलं नसतं. चहा पाजा, सांगतो.

आता वाचायचं कसं? उन्हाळ्यात पातळी रोज थोडी थोडी उतरणारच, ती झऱ्याची आणि उन्हाची रीत आहे. शोधायचं ते वेगळं. माझ्याच वहीतलं एक पान सांगतो. एप्रिलमधला दिवस, माझी मोटर दिवसभर बंद. सकाळी सहाला कठड्यापासून पाणी ७ मीटर ४० सेंटिमीटरवर. दुपारी दोनला ७ मीटर ९५. गावची बोअर माझ्यापासून दीडशे पावलांवर, ती सकाळी सातला सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ७ मीटर ४८. म्हणजे रात्रीत भरून आलं, पण पुरतं नाही. आठ सेंटिमीटर उधार राहिले. रोजचे आठ सेंटिमीटर, महिनाभर. विहिरीचं पाणी बिघडायला सुरुवात या उधारीपासून होते, चवीला कळतं ते फार उशिरा.

मोरजीच्या वाळूत पोरं खड्डा खणतात ते आठवा. खड्ड्यातलं पाणी डब्याने भराभर उपसलं की भोवतालची ओली वाळूही आत बसत जाते. बोअरच्या भोवती जमिनीखाली तसाच उलटा भोवरा तयार होतो, फक्त शंभर-दोनशे मीटरचा, आणि दिसत नाही. तुमची विहीर त्या भोवऱ्याच्या काठावर आली की तुमच्या पाण्याची दिशा तुमच्या हातात राहत नाही.

खारं पाणी

आमच्या बाजूला सर्वांत मोठी भीती हीच. एका बाजूला समुद्र, दोन बाजूंना शापोरा आणि तेरेखोल. या नद्या पावसाळ्यात गोड असतात, उन्हाळ्यात त्यांच्यात भरतीचं पाणी आत आत चढतं. मांडवीत भरती थेट गांजेपर्यंत जाणवते, म्हणजे किनाऱ्यापासून कितीतरी आत. तेव्हा "आमचं घर समुद्रापासून लांब आहे" हे म्हणणं पुरेसं नाही. नदी किती लांब आहे आणि खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध कसा आहे तेही बघावं लागतं. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं, दार सडलं, भरतीचं पाणी शेतात शिरलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात वरच्या वाड्यातल्या विहिरी मचूळ झाल्या, असं मी स्वतः पाहिलंय. तिथे दोष पंपाचा नव्हता, पण पंपाने ते पाणी लवकर ओढून आणलं.

वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण चाळीसाव्या हिश्श्याने जड. म्हणून गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. याला गायबेन-हर्झबर्गचा नियम म्हणतात. आता हाच हिशोब उलटा करा: वरची पातळी कायमची अर्धा मीटर उतरली तर खालचं खारं पाणी वीस मीटर वर सरकायला मोकळं. ते एका दिवसात येत नाही, हंगाम लागतात. पण परत खाली जायलाही हंगाम लागतात, आणि हीच खरी पंचाईत.

किती खारं मिसळलं की पाणी जातं? समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ हजार मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, चांगली मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे शंभर कळश्यांत दोन कळश्या समुद्र मिसळला की पहिली मर्यादा ओलांडली. दोन कळश्या.

टीडीएस मीटर, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, काही शे रुपयांना मिळतो, घ्या. जांभ्यातल्या चांगल्या विहिरीचं पाणी त्यावर बहुतेक वेळा शंभरच्या आतबाहेर दाखवतं. मानकाची चांगली मर्यादा ५०० आहे. पण ५०० पर्यंत थांबू नका. तुमची विहीर नेहमी ८० दाखवते आणि एका एप्रिलमध्ये २२० झाली, तर तो आकडा पिण्याजोगा असला तरी बातमी वाईट आहे. अमावस्या-पुनवेच्या उधाणाच्या दिवशी मुद्दाम मोजा आणि वहीत उधाण म्हणून लिहा.

एक काम मात्र वरवर करू नका. खारं पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून कळशीने वरचं पाणी काढून मोजलं तर फसाल. प्लास्टिकच्या बाटलीला दगड बांधा, तोंडाला बूच लावा, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाशी गेली की बुचाची दोरी ओढायची, बुडबुडे थांबले की वर घ्यायची. वरच्या पाण्याचा आणि तळाच्या पाण्याचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. वर ९० आणि खाली ६०० असेल तर खारं पाणी खालून चढतंय, आणि अजून तुमच्या हातात थोडा वेळ आहे. फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) किंवा सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली मोटर) तळापासून जितकं वर घेता येईल तितकं घ्या, पण मोटर कोरडी पडणार नाही इतपतच. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धा दाबून कमी पाणी जास्त वेळ काढा. एक तास जोरात ओढण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं तीनदा. मी हे शेजारच्या मामीकडे केलं तेव्हा तिच्या टाकीतलं पाणी तीन आठवड्यांत पुन्हा चहाजोगं झालं. तळाचा आकडा मात्र तसाच राहिला.

फिल्टरवाल्यांबद्दल एक सावधगिरी. दारावर फिल्टर विकायला येणारे पाण्यात दोन सळ्या घालून वीज सोडतात आणि पाणी तांबडं-काळं करून दाखवतात. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते, त्या लोखंडी सळ्याच विरघळलेल्या असतात. त्यांच्या यंत्रातलं पाणी स्वच्छ राहतं कारण त्यात क्षारच उरलेले नसतात, म्हणून वीज जात नाही. आमच्या गल्लीतल्या तिघांनी हे बघून हजारो रुपयांची आरओ मशीनं घेतली, ज्यांच्या विहिरीचा टीडीएस सत्तर होता. सत्तरला आरओ! वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत.

दिशा फिरते तेव्हा

हा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

घर बांधताना जाणता मिस्त्री विहीर उताराच्या वरच्या अंगाला घेतो आणि संडासचा शोषखड्डा खालच्या अंगाला, किमान पंधरा मीटर अंतरावर. जमिनीतलं पाणी उताराने वाहतं, म्हणून खड्ड्यातलं पाणी विहिरीपासून लांब जातं. वडिलांपासून चालत आलेली ही रीत बरोबरच आहे. पण ती धरून चालते की पाणी उताराने वाहतंय. घराच्या वरच्या बाजूला बोअर पाडली आणि दिवसभर चालवली की भोवऱ्याच्या आतलं पाणी बोअरकडे वळतं. काल जो शोषखड्डा विहिरीच्या खाली होता तो आज तिच्या वर आहे. जमीन कुठेही हललेली नाही.

माझ्या नात्यातल्या एका काकींच्या घरी असंच झालं. विहीर पन्नास वर्षांची, कधी कुणाला काही झालं नाही. वरच्या अंगाला गावची बोअर सुरू झाली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घरात पोरांची पोटं बिघडायला लागली. काकींना वाटलं उन्हाचं असेल, कैऱ्या खाल्ल्या असतील. मी जंतू तपासायची, हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली आणून विहिरीचं पाणी भरलं आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवली, कारण तिथे ऊन येत नाही. दुसऱ्या दिवशी ती काळी ठिक्कर. काकी देवघरात आल्या आणि आधी मलाच ओरडल्या, ही घाण इथे कुणी ठेवली म्हणून.

ही बाटली स्वस्त असते. पाणी भरून चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायची. काळी झाली तर विष्ठेतले जंतू असण्याचा दाट संशय. तसं झालं की पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, आतून हात लावायचा नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. मिनरल वॉटरची रिकामी बाटली इथे चालत नाही. क्लोराइड, नायट्रेट, लोह यांना चालते, तीनदा त्याच पाण्याने विसळून.

नायट्रेट नक्की मागा. मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते, अंग निळं पडतं. आणि उकळून ते जात नाही, उलट पाणी आटेल तसं घट्ट होतं. मिठाचंही तेच.

क्लोराइड वाढलं तर ते समुद्राचं की संडासाचं, हा प्रश्न नेहमी येतो, कारण लघवीतही मीठ असतंच. माझी ढोबळ पद्धत अशी: क्लोराइड वाढलं, नायट्रेटही वाढलं, आणि पहिल्या पावसानंतर अजून बिघडलं, तर शोषखड्ड्याकडे बघा. क्लोराइड वाढलं, पाणी जड झालं, साबणाला फेस येईना, नायट्रेट जागच्या जागी, आणि मे महिन्यात सर्वांत वाईट, तर खारं पाणी. दोन्ही एकदम असू शकतात, तेव्हा नशीब.

तांबडं पाणी

याबद्दल घाबरायचं कमी, वैताग जास्त. मोटर उघडली की मला पाण्याची कुंडली कळते. इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पंख्यावर, पांढरी खपली असेल तर पाणी जड. बिडाला सुईने टोचल्यासारखी भोकं असतील तर खारं किंवा आंबट. आणि सगळीकडे तांबडा, साबणासारखा बुळबुळीत चिखल असेल तर लोह आणि त्यावर जगणारे जंतू.

खोल बोअरमध्ये हवा नसते, तिथे लोह विरघळलेलं राहतं. पाणी नळातून काचेसारखं येतं आणि बादलीत तासाभराने तांबडं होतं. पांढऱ्या बादलीत ठेवून बघा, हीच परीक्षा. घाई असेल तर पेरूचं पान चोळून त्यात टाका, किंवा कोरा चहा ओता. जांभळट-काळी झाक आली तर लोह आहे. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर डाग पडायला लागतात. उपाय जुनाच: पाणी शॉवरसारख्या भोकांच्या पाइपातून उंचावरून टाकीत पाडा, रात्रभर बसू द्या, सकाळी वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळा. गावच्या योजनेत विहिरीचं पाणी कमी पडून बोअरचं मिसळायला लागले की नळाचं पाणी एकाएकी असं तांबडं येतं. त्या दिवसाची तारीखही वहीत हवी.

जांभ्याच्या उथळ विहिरींचं पाणी मुळातच थोडं आंबट असतं, पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, साडेसहाच्या खाली सापडणं नवीन नाही. तांब्याच्या पाइपाखाली हिरवा डाग पडतो तो त्याचाच. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप त्याने लवकर सडतो. घरात पीव्हीसी असेल तर फार मनावर घेऊ नका.

नळाच्या पाइपाबद्दल दोनच ओळी. पाणी दिवसातून दोन तास येत असेल तर उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो आणि गळतीच्या भोकातून बाहेरचं गटारपाणी आत घेतो. नळाला थेट मोटर लावणारे ते अजून जोरात ओढतात. म्हणून पहिली पाच मिनिटं सोडलेलं पाणी झाडांना घाला, आणि शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का ते पंचायतीच्या किटमधून तपासा. गोवा २०२२मध्ये 'हर घर जल' प्रमाणित झालेलं पहिलं राज्य. या जलजीवन मिशनमधून गावांना तपासणीचे किट मिळालेले आहेत. आमच्या गावचा किट कपाटात होता, वर गणपतीच्या मखराचं सामान होतं.

घरी काय करायचं

विहीर खोल करू नका. सगळ्यांत आधी हेच सुचतं, आणि किनाऱ्याजवळ तेच सर्वांत घातक. खोल जाणं म्हणजे खाऱ्या पाण्याच्या जवळ जाणं. मी स्वतः मोठ्या मोटरी विकून पोट भरलेला माणूस आहे, तेव्हा हे माझ्या तोंडून थोडं विचित्र वाटेल. पण एक एचपीची मोटर उथळ विहिरीतून तासाला आठ-दहा हजार लिटर काढते, आणि पाच माणसांच्या घराला दिवसाला हजार पुरतात. दोन एचपी कशाला?

पावसाचं पाणी विहिरीत सोडा. गोव्यात वर्षाला साधारण ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून, थोडं वाया जाईल हे धरूनही, २ लाख ४० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पन्हाळीला पाइप लावा, पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा म्हणजे पक्ष्यांची घाण आणि पालापाचोळा जाईल, मग खडी, जाड वाळू आणि कोळशाच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत. पण एक खरं सांगतो: जांभा चाळणीसारखा आहे. जुलैत भरलेलं पाणी जानेवारीपर्यंत झऱ्यांनी नदीत निघून जातं. म्हणून एकट्या घराने केलेलं पुरत नाही. पावसाळा संपता संपता ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर बसल्या तर आजूबाजूच्या विहिरी महिनाभर तरी जास्त टिकतात. फळ्या दिवाळीनंतर बसवल्या तर अडवायला पाणीच उरत नाही. आमच्याकडे बहुतेक वर्षी दिवाळीनंतरच बसतात.

ब्लीचिंग पावडरचा हिशोब लोक डोळ्याने करतात, तो असा करा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या उंचीने, मग ०.७८५ ने, आले ते हजार लिटर. व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर असेल तर १४ हजार लिटरच्या जरा वर. ताजी, बंद पाकिटातली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे पस्तीस ग्रॅम. बादलीत कालवा, दहा मिनिटं बसू द्या, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, चुना खालीच राहू द्या. मग ती बादली दोरीने पाण्याखाली नेऊन वरखाली जोरात हलवा. संध्याकाळी टाकून सकाळी वापरा. गेल्या वर्षीची उघडी पावडर वापरू नका, तिच्यात नुसता चुना उरलेला असतो. पाणी फार गढूळ किंवा घाण असेल तर हे प्रमाण अपुरं पडतं, म्हणून सकाळी किटने क्लोरीन तपासा. काहीच दिसलं नाही तर पुन्हा घालावं लागेल.

पंचायतीत काय मागायचं

"बोअर बंद करा" म्हणून जाऊ नका. वरच्या वाड्यातल्या बायकांना टँकरमागे धावायला लावून आपली विहीर राखणार असाल तर ग्रामसभेत तुमच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही, आणि राहूही नये. वही घेऊन जा आणि चार गोष्टी मागा: बोअर रोज किती तास चालते, किती खोल आहे, तिच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली आणि क्लोराइड-नायट्रेटचे आकडे काय आले, आणि पाइपलाइनची गळती शेवटची कधी दुरुस्त झाली. तोंडी उत्तर मिळालं नाही तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली लेखी मागा. गोव्यात २००२चा भूजल नियमन कायदा आहे; विहिरींची नोंदणी आणि नव्या बोअरची परवानगी त्याखाली येते, काम जलस्रोत खात्याकडे. तुमची जुनी विहीर नोंदलेली आहे का ते आजच बघा. नोंद नसेल तर तुमची तक्रार कागदावर नसलेल्या विहिरीची ठरते.

मी गेलो तेव्हा पहिल्या सभेत हसले. एक पंच म्हणाला, मोटरवाला पाणी वाचवायला निघाला. दुसऱ्या सभेला मी वहीतले आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेले, शेजारच्या चार विहिरींचेही, आणि काकींनी ती काळी बाटली पदराखालून काढून टेबलावर ठेवली. तेव्हा कुणी हसलं नाही. सलग दहा तासांऐवजी पहाटे चार तास आणि रात्री चार तास अशी मोटर चालवायची ठरली, आणि मुख्य रस्त्याच्या वळणावरची दोन वर्षं गळणारी पाइप बदलली. गळती थांबली तसे दोन तास आपोआप कमी झाले. काकींच्या विहिरीचं पाणी अजून पिण्याचं झालेलं नाही. त्या पिण्याला नळाचं घेतात, विहिरीचं धुण्याला. माझी सकाळची उधारी आठवरून तीन सेंटिमीटरवर आली आहे.

ऑपरेटर आता कधी कधी स्वतःच सहाला फोन करतो, "पात्रांव (म्हणजे मालक), दोरी सोडली?" सोडलेली असते. आकडा सांगतो, तो त्याच्या लॉगबुकच्या समासात लिहून ठेवतो.